चौथ्या मजल्यावरचं दार

लेचुझाचं हसू त्या रविवारी उशिरा आलं.

कप्तानाने नेहमीसारखा विनोद केला होता, की त्याच्या मिनीबसमध्ये बाजाराच्या दिवशी चढणारी एक म्हातारी हुबेहूब या मालिकेतल्या बाईसारखी दिसते, फक्त मालिकेतली बाई काखेत कोंबड्या घेऊन येत नाही. आजोबा खोकल्यासारखे हसले. हर्मिंदा हसली. सगळ्यांचं हसून झालं, बोलणं दुसरीकडे वळलं, आणि मग लेचुझा हसली. एकटीच. उतारावरून कुणी रिकामा डबा सोडून द्यावा तसं ते हसू गडगडत आलं आणि मध्येच थांबलं.

"घुबडा, तुझं नेट आज पायी चाललंय वाटतं," कप्तान म्हणाला.

पुन्हा तेवढाच उशीर. मग, "हो ना. वारा आहे इथे."

हर्मिंदाने हेडफोन कानांवर नीट दाबले. पोरीचा आवाज दमलेला वाटला तिला. पण रविवारी दुपारी कोण दमलेलं नसतं, असं म्हणून तिने चहाचा कप पुढे ओढला.

हर्मिंदा चोके चिलेच्या उत्तर टोकाला, आरिकाच्या मोठ्या भाजीबाजारात आसापा खोऱ्यातले ऑलिव्ह विकायची. सकाळभर "चाखून बघा बाई, कडू निघालं तर माझ्या तोंडावर फेका" म्हणून घसा बसवायचा, घरी येऊन पाय मिठाच्या पाण्यात सोडायचे, आणि रविवारी जेवण उरकलं की कॉम्प्युटरसमोर बसून जपानी भुतांना भ्यायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईने कार्टून बघावं हे तिच्या बहिणीला पटत नसे. "कार्टून नव्हे, ॲनिमे," हर्मिंदा सांगायची. "तेच ते." "तेच ते असतं तर मी काल दिवा लावून झोपले असते होय?"

चौघं मिळून बघायचे. कप्तान म्हणजे बोलिव्हियात ओरुरोला मिनीबस चालवणारा गडी. आजोबा मोन्तेविदेओचे, छापखान्यातून निवृत्त झालेले. भाषांतराच्या ओळींमधल्या चुका काढल्याशिवाय त्यांना भीती लागायची नाही. आणि लेचुझा. लेचुझा म्हणजे घुबड. हे नाव तिचं तिनेच घेतलेलं. चिलेच्या पार दुसऱ्या टोकाला, कोयाइकेच्या थंडीत, एका मालकिणीच्या परसातल्या लाकडी खोलीत ती एकटी राहायची. बालवाडीत मुलांची नाकं पुसायची. सोबतीला एक जाडं मांजर होतं, त्याला ती 'मंत्री' म्हणायची, कारण दिवसभर काही न करता ते सगळ्यांकडून सेवा करून घ्यायचं.

कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. खरी नावंही ठाऊक नव्हती. असं ठरलं नव्हतं, तसं घडत गेलं होतं. हर्मिंदा सगळ्यांची मावशी होती, सत्तरीच्या आजोबांचीसुद्धा. ते तिला 'मावशीबाई' म्हणायचे.

तिचा नवरा एलेउतेरिओ गेला तेव्हा शेजारणी सूप घेऊन आल्या, मुलगा खाणीतून चार दिवस येऊन गेला, पाद्री येऊन गेला. सगळे गेल्यावर एका रविवारी ही पोरगी म्हणाली होती, "मावशी, आज भुताचं नको. आज मंत्री कसा टेबलावरून पडला ते सांगते." आणि हर्मिंदा हसली होती, सुतक घरात असताना, पोट धरून. त्या हसण्याचं ऋण तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण तेव्हापासून कोयाइकेला बर्फ पडला असं रेडिओवर ऐकलं की तिच्या हातातलं काम थांबायचं.

आज 'चौथा मजला'चा दहावा भाग होता. त्यानंतर शेवटचा एकच उरायचा, आणि मालिका कुणाच्याही डोक्यात शिरलेली नव्हती. सुमिरे नावाची मुलगी एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहते. रोज उठते तर तिचा अर्धा नाश्ता कुणीतरी खाल्लेला. रोज संध्याकाळी ओला कोट घातलेली एक बाई येऊन दार ठोकते, काही बोलत नाही. सुमिरे दार उघडत नाही. कधी खोलीतूनच कुणीतरी ओळखीच्या आवाजात तिला हाक मारतं. एवढंच. पण दर भागात भिंती थोड्या जवळ आलेल्या असायच्या, आणि आरशात सुमिरे जरा उशिरा हलायची.

आजोबांचं म्हणणं, धोका बाहेर आहे; ती बाई वाईट. कप्तानाचं म्हणणं, धोका आत आहे. "नाश्ता कोण खातंय मग? बाहेरची बिचारी हिला सोडवायला येते. आतला आवाज खोटा, बाहेरची खरी. लिहून ठेवा."

"लिहून ठेव आणि गप्प बस," आजोबा म्हणाले. "भाग सुरू झाला की नियम म्हणजे नियम."

नियम आजोबांचे. भाग चालू असताना किंचाळायला परवानगी, 'हे कोण, ते का' विचारायला नाही. कळलं नाही तर न कळलेलं मांडीवर घेऊन शेवटच्या गाण्यापर्यंत बसायचं. आणि मोठा नियम: कुणीही पुढचा भाग एकट्याने बघायचा नाही, आणि बघितलाच तर फोडायचा नाही. पूर्वी एक पाचवा होता, त्याने एका मालिकेतला खुनी बोलून टाकला. त्याच संध्याकाळी आजोबांनी त्याला काढलं. त्यानंतर त्याचं टोपणनावसुद्धा कुणी घेत नसे.

प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर आपापली फीत उतरवून ठेवलेली होती. आजोबांनी मोजलं, "एक, दोन, तीन, लावा," आणि चौघांनी चार गावांत एकदम बटण दाबलं.

सुमिरे उठली. ताटलीत अर्धी पोळी होती.

"माझं डोकं दुखतंय," लेचुझा म्हणाली.

"ही मालिका बघून दुखलं नाही तर डॉक्टरला दाखवावं लागेल," कप्तान म्हणाला.

"शू," आजोबा.

भिंतीवरच्या घड्याळाला आज काटे नव्हते. सुमिरेने नळ उघडला तर त्यातून कुणाच्या तरी झोपेतल्या श्वासासारखा आवाज आला. हर्मिंदाने पाय खुर्चीवर घेतले. ती घाबरली की पाय जमिनीवर ठेवायची नाही, लहानपणापासूनची खोड.

"मंत्री उठतच नाहीये," लेचुझा म्हणाली. शब्द एकमेकांना चिकटलेले. "सकाळपासून झोपलाय. शेपटीवर पाय पडला माझा, तरी हलला नाही."

"मंत्र्यांचं तसंच असतं," कप्तान म्हणाला. आजोबासुद्धा हसले.

हर्मिंदा हसली नाही. तिने मागे बरीच मांजरं पाळली होती. झोपलेल्या मांजराच्या शेपटीवर पाय पडला तर काय होतं हे तिच्या पोटऱ्यांना ठाऊक होतं. पण विचारायचं नव्हतं. विचारायचं ते गाण्यानंतर.

पडद्यावर संध्याकाळ झाली. ठक. ठक. ठक. ओला कोट आला.

"का बरं ती परत परत तेच बोलते?" लेचुझा म्हणाली.

कुणीच काही बोलत नव्हतं. बाई बोलत नव्हती, सुमिरे बोलत नव्हती.

"घुबडा, नियम," आजोबा म्हणाले. "न कळलेलं मांडीवर."

हर्मिंदाला वाटलं, हिची फीत मागे राहिली असणार, नेट धीमं आहे म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की फीत नेटवर अवलंबून नाही, ती प्रत्येकाच्या घरातच आहे. बरं, मग आवाज येण्या-जाण्याला वेळ लागत असेल. तिने कान दिले. लेचुझाने हेडफोन लावलेले नसायचे. तिच्या कॉम्प्युटरचा कर्णा खोलीत मोठ्याने वाजायचा आणि त्याचा आवाज तिच्या मायक्रोफोनमधून सगळ्यांकडे पोचायचा. पडद्यावर ठक झालं. लेचुझाच्या खोलीतून ठक आलं. लगोलग, त्याच ठोक्याला. दुसरं ठक, दुसरं ठक. एका केसाचंही अंतर नाही.

नेट धीमं नव्हतं. खोलीतून आवाज जसाच्या तसा येत होता. उशीर फक्त पोरीला होत होता.

हर्मिंदाच्या हातातला कप बशीवर आपटला.

"थांबवा," ती म्हणाली. "सगळे थांबवा."

"मावशीबाई!" आजोबा दुखावले. "ऐन ठिकाणी?"

"थांबवा म्हणते ना! लेचुझा, ऐक माझं. तुला काय होतंय?"

आरिकात थांबलं, ओरुरोत थांबलं, मोन्तेविदेओत थांबलं. कोयाइकेत चालूच राहिलं. त्या खोलीतून एकटं ठक ठक येत राहिलं, आणि बऱ्याच वेळाने, "मळमळतंय. छान गरम झालंय पण."

"गरम कशाने? लाकडाची शेगडी पेटवलीस?"

"नाही... आज हवा खराब म्हणून धुराची बंदी आहे. लाकूड पेटवलं की दंड. धुराड्यातून धूर दिसला की माणसं येतात." ती हसली, चोरून साखर खाल्लेल्या मुलासारखी. "मी अंगणातली मांस भाजायची शेगडी आत आणली. कोळसे लाल करून. धूरच नाही. हुशार ना मी? खिडक्यांना पट्ट्या लावल्यात, वाऱ्याला."

आरिकात हिवाळ्यातही लोक एखादं पातळ जाकीट घालून समुद्रावर फिरतात. हर्मिंदाच्या घरात कधी शेगडी नव्हती. तिला फक्त एवढं कळलं की कप्तान, जो कधी गप्प बसत नाही, तो गप्प बसलाय.

"कप्तान?"

"मावशी," त्याचा आवाज कुणीतरी पिळून काढल्यासारखा आला, "माझा काका आणि काकू असेच गेले. कोळशाच्या वायूने. सकाळी आम्ही दार फोडलं तेव्हा दोघं गालाला गाल लावून झोपलेले, गाल लालबुंद. आम्हाला वाटलं, किती छान झोपलेत. मावशी, तिला बाहेर काढा. ती झोपली की संपलं."

हर्मिंदाने एका कानावरचा हेडफोन सरकवून मोबाइल लावला. रुग्णवाहिकेच्या नंबरवर एक बाई बोलली, तरुण, कामाची घाई असलेली.

"काय झालंय?"

"कोयाइकेला एक पोरगी आहे. बंद खोलीत कोळसे पेटवलेत. बोलणं भरकटतंय."

"कोयाइके? तुम्ही आरिकातून बोलताय."

"ते मला माहितीये मी कुठून बोलतेय!"

"पत्ता सांगा."

"पत्ता नाही माझ्याकडे."

"नाव?"

"लेचुझा."

"आडनाव लेचुझा?"

"नाही हो. घुबड. पक्षी."

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला. "बाई, तुम्ही तिच्या कोण?"

"मी..." हर्मिंदा थांबली. "आम्ही रविवारी एकत्र ॲनिमे बघतो."

हे बोलताना तिला स्वतःला ऐकू आलं ते कसं वाटतं. पण त्या बाईने फोन ठेवला नाही, एवढी तिची भलाई. "मी कोयाइकेला जोडते. तुम्ही पत्ता मिळवा. पत्त्याशिवाय गाडी कुठे पाठवणार?"

"लेचुझा! पोरी! तुझ्या गल्लीचं नाव काय?"

ठक ठक. ठक ठक. तिच्या खोलीत मालिकेतली बाई दार ठोकत होती.

"लेचुझा!"

"चौथा मजला," ती म्हणाली.

"कसला चौथा मजला? तुझ्या घराचा पत्ता सांग."

"शेवटचं दार. घंटा बिघडलीये. ठोकावं लागतं."

परसातली ती लाकडी खोली जमिनीला टेकलेली होती. तिला दोन पायऱ्याही नव्हत्या, म्हणून तर बर्फ आत येतो अशी पोरगी कुरकुर करायची.

"ती सुमिरेचा पत्ता सांगतेय," आजोबा हळू आवाजात म्हणाले. नियम त्यांच्या आवाजातून गळून पडला होता.

"घुबडा, ए घुबडा!" कप्तान ओरडला. "ऊठ! दाराकडे जा आणि ते उघड! शिव्या दे मला, पण ऊठ!"

"नाही."

"का नाही?"

"ती उभी आहे."

"कोण?"

"कोट ओला आहे तिचा. पाणी दाराखालून आत येतंय." ती रडत होती, पण घाई नसल्यासारखी. "मी उघडणार नाही. मी झोपते जरा. झोपले की जाईल ती."

"झोपू नको!" तिघं एकदम बोलले.

"जरासंच."

हर्मिंदाने डोळे मिटले. मध्ये अर्धा खंड होता. तिचे हात तिथे पोचणार नव्हते, कप्तानाची बस पोचणार नव्हती. जे काही पोचणार होतं ते त्या कर्ण्यातून, आणि पोरगी त्या खोलीत नव्हतीच, ती चौथ्या मजल्यावर होती. तिथून तिला खाली आणायचं तर तिथल्याच जिन्याने आणावं लागणार होतं.

"लेचुझा, मी शेवटचा भाग बघितलाय," ती म्हणाली.

"मावशीबाई!" आजोबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि लगेच, "माफ करा. बोला. बोला!"

"ऐकतेस का? मी एकटीने बघितला. तुम्हाला न सांगता. बाहेर उभी आहे ना, ती सुमिरेची आई आहे. वाईट कुणी नाही. ती पोरीला हुडकत पावसात गावभर फिरली, म्हणून कोट ओला. तिला बोलता येत नाही, कारण रडून घसा बसलाय. सुमिरे दार उघडते. आई तिला शालीत गुंडाळते, आणि दोघी जिना उतरून खाली येतात, आणि खाली ऊन पडलेलं असतं. तिथे संपतं, पोरी. मी फार रडले. दार उघड. तुझ्यासाठी आलीये ती."

यातला एक शब्द खरा नव्हता. शेवटच्या भागात काय आहे हे हर्मिंदाला सुमिरेइतकंच ठाऊक होतं. आयुष्यात ऑलिव्हची चव सोडून कशाबद्दलही तिने इतक्या ठामपणे खोटं सांगितलं नव्हतं.

पलीकडे ओल्या कोटाच्या बाईने ठोकणं थांबवलं होतं. शेवटचं गाणं लागलं होतं, लहान मुलीच्या आवाजातलं, उलटं वाजवल्यासारखं.

"तू कोण आहेस?" लेचुझाने विचारलं.

"मी मावशी."

"नाहीस."

"अगं मीच. आरिकाची. ऑलिव्हवाली."

"नाहीस," लेचुझा पुन्हा म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या आवाजाला उशीर झाला नाही.

खुर्ची पडली. काहीतरी जड जमिनीवर आदळलं. मग खरखर, लाकडावरून गुडघे ओढत नेल्यासारखी, थांबत, पुन्हा सुरू होत. हर्मिंदाने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. कडी वाजली. परत वाजली, हातातून सुटल्यासारखी. गाणं चालूच होतं. कडी निघाली, आणि वारा आत शिरला, इतक्या जोराने की तिघांच्याही हेडफोनमध्ये तो फडफडला.

मग काहीच नाही. वारा. एक कागद कुठेतरी फडफडत होता. दूर कुत्रं भुंकत होतं.

"लेचुझा?"

वारा.

"बाहेर पडली," कप्तान म्हणाला. "पण बाहेर थंडी किती? तशीच पडून राहिली तर..."

"मालकीण समोरच राहते ना," आजोबा म्हणाले. "परसापलीकडे. दार आता उघडं आहे. कर्णा मोठा आहे."

कुणी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिघांनी फुप्फुसं फुटेस्तोवर ओरडायला सुरुवात केली. "वाचवा! अहो मालकीणबाई! धावा!" हर्मिंदाच्या शेजारणीने भिंत ठोकली. मोन्तेविदेओत आजोबांचा आवाज फाटला आणि ते फाटक्या आवाजाने ओरडत राहिले. कप्तान मध्येच शिट्ट्या मारत होता, बस उलटी घेताना मारतात तशा. कोयाइकेतल्या एका रिकाम्या खोलीतून तीन देशांची माणसं बोंबलत होती.

कुत्रं जवळ आलं. मग पावलं, आणि एका बाईचा संतापलेला आवाज, "कसला हा तमाशा लावलाय रविवारचा? माइतेन! कमी कर ते..." आणि मग तोच आवाज, पण दुसऱ्याच बाईचा वाटावा इतका बदललेला, "माइतेन! अगं बाळे! चिखलात काय पडलीस?"

"बाई, श्वास आहे का तिला?" हर्मिंदा किंचाळली.

"कोण आहे आत?"

"आत जाऊ नका!" कप्तान. "कोळसा आहे आत! आधी खिडक्या फोडा!"

"कोण बोलतंय पण?"

"मी बोलिव्हियातून बोलतोय!"

"कुठून?"

"बाई, पत्ता सांगा!" हर्मिंदा म्हणाली. "रुग्णवाहिका फोनवर आहे माझ्या. घराचा पत्ता सांगा!"

बाईने पत्ता सांगितला, रडत, देवाचं नाव घेत, घर नंबर चुकवत आणि दुरुस्त करत, आणि हर्मिंदा तो शब्दाशब्दाने दुसऱ्या फोनमध्ये ओतत गेली. "तुम्ही तिच्या कोण?" बाईने विचारलं.

"मावशी."

"तिला मावशी नाहीये," बाई म्हणाली. मग काच फुटल्याचा आवाज आला, काहीतरी कोसळलं, आणि कोयाइके गेलं. कॉम्प्युटरची वायर ओढली गेली असावी.

तिघं बसून राहिले. आजोबांनी माते हा त्यांच्याकडचा कडू चहा केला आणि तो प्यायला नाही. कप्तानाने सांगितलं की त्याला संध्याकाळची फेरी आहे, पण तो उठला नाही. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून आजोबा म्हणाले, "माइतेन. झाडाचं नाव आहे." हर्मिंदाच्या पडद्यावर सुमिरे दाराकडे पाठ करून थांबलेली होती, हर्मिंदाने बटण दाबलं तिथेच. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि ती खिडकी बंद करायचाही धीर होत नव्हता. जणू बंद केली तर तिकडे काहीतरी बंद पडेल.

अंधार पडता पडता लेचुझाच्या नावाने निरोप आला. मालकिणीने टाइप केलेला, सगळा मोठ्या अक्षरांत. इस्पितळात आहे. प्राणवायू लावलाय. वाचेल म्हणतात. मांजर गेलं.

हर्मिंदा त्या मांजरासाठी इतकी रडली की शेजारीण पुन्हा भिंत ठोकायची सोडून दारात आली.

बऱ्याच रविवारांनंतर लेचुझा परत आली. कुणी तिला माइतेन म्हणेना; म्हणून बघितलं, पण कुणा परक्याला हाक मारल्यासारखं झालं. तिच्या मायक्रोफोनमधून वारा येत होता. खिडकी उघडीच ठेवते, म्हणाली, अंगावर तीन स्वेटर घालून. मालकिणीने विजेचा हीटर दिलाय आणि दर थोड्या वेळाने काही ना काही निमित्त काढून डोकावते.

"अजून विसरायला होतं," ती म्हणाली. "परवा एका मुलाला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारत होते. डॉक्टर म्हणतात, जाईल."

"मुलं तशीही सारखीच दिसतात," कप्तान म्हणाला. आवाज त्याचा, पण विनोद जपून टाकलेला, काच असलेल्या खोक्यासारखा.

"मावशीबाईंना मी माफ केलंय," आजोबा म्हणाले. "गोष्ट फोडल्याबद्दल. पहिली आणि शेवटची वेळ."

"फोडली कुठे, बनवली," हर्मिंदा म्हणाली. "मला काय ठाऊक काय आहे ते. पण पोरी, तू दार उघडलंस. विश्वास ठेवलास म्हणून..."

"नाही, मावशी."

वारा आला आणि गेला.

"मला ते आठवतं," लेचुझा म्हणाली. "बाकीचं फार नाही, पण ते आठवतं. तू गोष्ट सांगायला लागलीस. आणि मला एवढंच कळलं, की मावशी कधी गोष्ट फोडत नाही. मरेल पण फोडणार नाही. मग ही मावशी नाही. हा मावशीचा आवाज काढणारं काहीतरी आहे, आणि ते माझ्या खोलीत आहे. कप्तान म्हणतो ना, आतला आवाज खोटा." ती थांबली. "बाहेरच्या बाईची भीती होतीच. पण तुझी जास्त वाटली. मी तिच्याकडे गेले नाही, मावशी. मी तुझ्यापासून पळाले."



"पळालीस ना," हर्मिंदा शेवटी म्हणाली. "झालं तर मग." तिला ते हसत म्हणायचं होतं.

"मला अजून..." लेचुझा अडखळली. "वाईट वाटून घेऊ नको. इस्पितळात तू फोन केलास तेव्हा मी तो उचलला नाही, कारण तुझा आवाज येणार म्हटलं की माझे हात गार पडायचे. आत्ताही पडलेत. मला माहितीये तू तूच आहेस. हातांना माहीत नाही."

हर्मिंदाने आपले हात बघितले. मिठाच्या पाण्याने भेगाळलेले, नखांत काळा रस बसलेले.

"मग मी काय करू?" तिने विचारलं. "गप्प बसू का आजच्या दिवस?"

"नको. बोल. भाग लावायच्या आधी बोल काहीतरी. भुताचं नको. बाजारातलं सांग. मी ऐकते. सवय होईपर्यंत बोल."

आजोबांनी "एक, दोन" म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं.

मग हर्मिंदा बोलायला लागली. या आठवड्यात ऑलिव्ह लहान निघालेत, पाऊस नाही, खोऱ्यात पाण्यावरून भांडणं चाललीत. एक बाई आली, चाखून चाखून अर्धा किलो खाल्लं आणि शेवटी म्हणाली, मला ऑलिव्ह आवडतच नाहीत. शेजारच्या गाळ्यावर लसूण विकणारीने नवा दात बसवलाय आणि तो दिसावा म्हणून कारण नसताना हसते. ती हळूहळू बोलत होती. पलीकडून पोरीचा श्वास ऐकू येत होता, वरवरचा, सशासारखा.

आणि तिचा स्वतःचा आवाजही येत होता. लेचुझाच्या खोलीतल्या कर्ण्यातून बाहेर पडून, उघड्या खिडकीच्या वाऱ्यात भिजून, मायक्रोफोनमधून तो हर्मिंदाच्या कानात परत येत होता. थोडासा जाडा, थोडासा मागे राहिलेला. लसूणवालीबद्दल सांगणारी ती बाई फार प्रेमळ वाटत होती, जरा जास्तच प्रेमळ. हर्मिंदाने पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"थांबू नको," लेचुझा म्हणाली.

"नाही थांबत," हर्मिंदा म्हणाली, आणि थंड कोयाइकेतून ती दुसरी बाईही तेच म्हणाली.